कसईच्या माळा

मूल गावच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मेलानेशियाच्या बेटांवरची जुनी छायाचित्रं एका परदेशी संग्रहालयानं इंटरनेटवर ठेवली आहेत. कुणी जाळं विणतंय, कुणी होडी कोरतंय. त्यांतली झाडं ओळखून कळवायचं काम मी हौसेनं करते. माणसांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत.

त्यांतली दोन छायाचित्रं छापून मी सावली गावी धाकट्या बहिणीकडे, हर्षाकडे नेली. तिची मुलगी सिकलसेलनं गेल्यापासून ती अंगणवाडीत कामावर गेलीच नव्हती. दुसऱ्यांची लेकरं बघवत नाहीत म्हणायची. वरून दोन नोटिसा आल्या होत्या. येत्या सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी जाणार होती. तुमचंच ऐकते ती, असं तिचा नवरा राजदीप मला फोनवर म्हणाला होता.

दोन्ही चित्रांत बाई एकच. एकात ती गळ्यापासून पोटापर्यंत कसई गवताच्या करड्या, मण्यांसारख्या बियांच्या माळांनी झाकलेली. दुसऱ्यात माळा मोजक्याच आणि कडेवर तान्हं मूल. मी हर्षाला समजावलं की तिकडे घरचं माणूस गेलं की बायका अशा माळा घालतात आणि दिवस जातील तशी एकेक उतरवतात. आधी माळांचं चित्र, मग हे. पुढे तिला मूलही झालं, बघ.

हर्षानं दोन्ही कागद मांडीवर घेतले. बराच वेळ पाहिले. मग त्यांची जागा बदलली.

"हे पयले असन तं?" तिनं मुलाच्या चित्रावर बोट ठेवलं. "मंग लेकरू कुठी गेलं, बाई?"

मी चित्रं जवळ ओढली. तोवर मी फक्त बियाच पाहिल्या होत्या. दोन्हींत त्याच झोपडीला लागून सुपारीचं झाड होतं. मुलाच्या चित्रात ते छपराहून बुटकं होतं. माळांच्या चित्रात त्याचा शेंडा छपराच्या वर गेला होता.

"सांग ना. तुले दिसून राह्यलं ना?"

"लेकराचा फोटो आधीचा हाय," मी म्हटलं.

तिला नवल वाटलं नाही. तिनं मुलावर तळवा ठेवला.

"नाव तरी लिवलं हाय का याचं?"

"नाई."

राजदीप अंगणात थांबला होता. सोमवारी हर्षा कामावर जाते का, त्यानं विचारलं. नाही, मी म्हणाले, आता मला तिला जा म्हणवत नाही. तो आत गेला, हर्षाकडची अंगणवाडीची किल्ली घेतली आणि ती परत द्यायला गाडी काढली.