मानवी आवाजाची चाचणी

तिच्या नवऱ्याला गल्लीत सगळे कानसेन म्हणत. निम्मे लोक चेष्टेने म्हणत, पण तो सगळंच कौतुक म्हणून पदरात पाडून घेई. दिवसभर टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना पांढऱ्या रंगाचे अकरा प्रकार दाखवायचे आणि घरी येऊन कानांवर हेडफोन चढवायचे, हा त्याचा बारा वर्षांचा संसार. त्या संसारात बायकोही होती, दोन गाण्यांच्या मध्ये.

त्याचं मत ठाम होतं. वायरीतून येतो तो आवाज आणि वायरीशिवाय येते ती आवाजाची अफवा. हे वाक्य आता त्याच्या न्हाव्यालाही पाठ झालं होतं. बिनवायरीचे हेडफोन रोजच्या वापराला बरे, भांडी घासतानासुद्धा ऐकता येतं, असं कोणी चुकून बोललंच, तर तो नाक मुरडून म्हणे, "मग भांडीच ऐका ना!" त्याने स्वतः जन्मात कधी भांडं घासलं नव्हतं, त्यामुळे हा सल्ला द्यायला तो मोकळा होता.

हेडफोन तिच्याही कानावर असे, पण एकाच कानावर. ती बस कंपनीच्या तक्रार केंद्रात होती. हेडफोनचा स्पंज झडलेला, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी. त्या भंगारातून ती दिवसाला ऐंशी माणसं ऐकायची. पलीकडच्याने श्वास कसा घेतला यावरून हा आता ओरडणार की रडणार, हे तिला आधीच कळे. कंपनी दुसऱ्या शहरात नवं केंद्र उघडत होती आणि तिथल्या मुलींना ऐकायला शिकवण्यासाठी साहेबांनी हिचं नाव काढलं होतं. चार महिने जायचं. हो की नाही, ते सोमवारी सकाळी दहाच्या आत कळवायचं.

तिला नवऱ्याची परवानगी नको होती. पण एवढ्या वर्षांच्या माणसाने जा म्हणावं किंवा जाऊ नकोस म्हणावं, दोन्हीतलं काहीतरी म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. जाऊ नकोस म्हणाला असता, तर कदाचित ती गेलीही नसती.

पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा त्याच्या कानात वायर होती. ती दिसत होती, म्हणून तिने खांद्यावर टिचकी मारून सांगितलं. "हं, छान," तो म्हणाला आणि एक बोट वर केलं, म्हणजे आता मध्ये बोलू नकोस. दुसऱ्यांदा तो दाढी करत होता, तेव्हा "हं" एवढंच आलं, छान गळून पडलं. तिसऱ्यांदा जेवताना. त्या आठवड्यात त्याच्या मित्राने, दातांच्या डॉक्टरने, बिनवायरीचे इवलेसे हेडफोन त्याला परीक्षणासाठी दिले होते. केसांआड ते दिसलेच नाहीत. ती पाच मिनिटं बोलली. तारखा सांगितल्या, बसची वेळ सांगितली, घरात एकटं कसं निभेल ते विचारलं. तो डोळे मिटून मान हलवत होता. तिला वाटलं, आज ऐकतोय. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "खालचे सूर पार पाण्यात गेलेत गं." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान समोर दिसतो तरी.

रविवारी घरात मोठी परीक्षा होती. वायरीचा आणि बिनवायरीचा वाद एकदाचा निकाली काढायचा. मंडळात तिघेच. वायरीच्या बाजूने कानसेन, बिनवायरीच्या बाजूने डॉक्टर, आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, ज्यांना दोघांनी गेल्याच महिन्यात घेतलं होतं; कारण दोघांच्या भांडणात मत द्यायला तिसरा लागतो. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा. डॉक्टरने या वेळी वायरीच्या हेडफोनएवढेच मोठे बिनवायरीचे आणलेले आणि त्यांनाही एक खोटी वायर चिकटवलेली, म्हणजे स्पर्शाने ओळखू नये. कुठला कधी लावायचा हे एकटीलाच माहीत असणार, आणि ती एकटी म्हणजे अर्थातच घरची बाई.

"शेवटची चाचणी मानवी आवाजाची," सकाळीच कानसेनने फर्मावलं होतं. "संगीत नको. नुसता बोलण्याचा आवाज, कुणीच न ऐकलेला. शोध कुठूनतरी."

"काय बोललेला हवा?"

"काहीही चालेल गं! शब्दांना काय महत्त्व आहे? शब्द ऐकतात ती सामान्य माणसं. आम्ही आवाज ऐकतो."

बरं, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि फोन तोंडाशी धरला.

दुपारी चहा झाला, चाचण्या सुरू झाल्या. ढोल झाला, बासरी झाली. डॉक्टर आणि कानसेन एकमेकांचे वाभाडे काढत राहिले. शेवटची पाळी मानवी आवाजाची. तिने आधी डॉक्टरला बसवलं आणि बटण दाबलं. फोनमध्ये तिचाच आवाज होता.

"अहो, येत्या शनिवारी सकाळी साडेसातच्या बसने मी चार महिन्यांसाठी जायचं म्हणतेय. नव्या मुलींना शिकवायला. उद्या दहाच्या आत कळवायचंय. तुम्हाला तीनदा सांगून झालं. जा म्हणालात तरी चालेल, जाऊ नको म्हणालात तरी चालेल. पण काहीतरी म्हणा हो."

एकदा एकातून, एकदा दुसऱ्यातून. डॉक्टरने ओठ चाटले. "बाईमाणूस. खोलीत फरशी आहे, आवाज परततोय. पहिला जास्त स्वच्छ, म्हणजे पहिलाच बिनवायरीचा." कागदावर गुण मांडून त्याने जागा सोडली.

मग कानसेन बसला. टॉवेल तिनेच बांधला. तिने बटण दाबलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या कपाळावर आठी पडली. ऐकलं! तो बोलण्यासाठी तोंड उघडतोय!

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. मग दुसऱ्यातून लावलं.

"हे बघ," तो टॉवेलआडून म्हणाला, "पहिला वायरीचा. त्यात ऊब आहे, छातीतला आवाज छातीतच राहतो. दुसऱ्यात 'साडेसात'मधला 'स' टोचतोय. बाई पन्नाशीच्या आसपासची, दमलेली. गळा बेताचाच. वायरीला आठ, बिनवायरीला पाच."

ती चव्वेचाळीसची होती. तिला राग आला आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. इतकी वर्षं आपण या माणसाच्या एका शब्दासाठी ताटकळत बसलो, याची लाज.

घड्याळजी शेवटी बसले. पहिल्यांदा आवाज लागला तसे ते ताठ झाले. दुसऱ्यांदा लावायच्या आतच त्यांनी टॉवेल खाली ओढला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले. त्यांचा कागद कोराच होता.

"गुण कुठायत?" कानसेनने विचारलं.

"राहिले," घड्याळजी खाली मान घालून म्हणाले. "मी आपला ऐकतच बसलो."

"हेच ते! शब्दांत अडकलात! घड्याळजी, कान तयार व्हायला वेळ लागतो." डॉक्टरनेही मान डोलावली. सगळ्या परीक्षेत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, जा तुम्ही," ते हळूच म्हणाले. "बॅगा जड असतील तर स्टँडवर सोडायला मी येईन."

ज्याच्याकडून हवं होतं त्याच्याकडून नाही आलं, पण आलं. तिने फोन उचलला आणि साहेबांना होकार लिहून टाकला. सोमवारची वाट बघायचं आता कारणच नव्हतं.

"काय गं, निकाल सांग की!" कानसेन अधीर झाला होता.

"पहिला वायरीचा, दुसरा बिनवायरीचा," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आलं."

त्याने टेबलावर अशी थाप मारली की कपबशा नाचल्या. डॉक्टर बिचारा खजील झाला. आणि खरंच सांगायचं तर कानसेनचा कान अस्सल होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. आवाजातला एकूणएक बारकावा त्याला ऐकू आला होता.

"आवाज कुणाचा आणलास पण? परीक्षेला फार चांगला आहे. पुढच्या रविवारी हिचंच दुसरं काहीतरी लाव."

"पुढच्या रविवारी ती नसेल."

"नसू दे. रेकॉर्डिंग आहे ना?"

"आहे. तुमच्या फोनवर पाठवलंय."

"मग झालं तर," तो म्हणाला.

ती माळ्यावरची बॅग काढायला स्टूल घेऊन आत गेली. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून घड्याळजी उठून धरायला गेले. बाहेर कानसेन डोळ्यांवर पुन्हा टॉवेल बांधत डॉक्टरला सांगत होता, "परत एकदा लाव. तो 'स' ऐक, मग कळेल तुला ऐकणं म्हणजे काय."