आबाजी वैद्यांचा दाखला

“घाव घाल धनी माझ्या, घाव घाल बेतानं,
काळ्या दगडाच्या पोटी पाणी निजलं सुखानं.”

हा आवाज मी जन्मताना ऐकला. भैरू पाथरवट छिन्नी मारत होता आणि त्याची बायको अंबूबाई शेजारी बसून गात होती. ती गायची थांबली की त्याचा हात चुकायचा. मित्रांनो, मी एक जुना खल आहे, काळ्या दगडाचा, होडीसारखा लांबट. माझ्या काठाचा एक टवका उडालेला दिसेल तुम्हाला. अंबूबाईला मध्येच ठसका लागला, तेव्हाचा तो.

चाकणच्या बाजारात आबाजी वैद्यांनी मला पारखलं. माझ्या पोटात बोट फिरवून ते म्हणाले, “ह्यो चालंल. ह्याची कच औषधात उतरायची न्हाई.” तेव्हापासून माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही. सुंठ, हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, काय काय म्हणून माझ्यात घोटलं गेलं! खेडपासून आळंदीपर्यंतची माणसं यायची. कुणाचा ताप उतरला की ती वैद्यांचे पाय धरायची आणि वैद्य जाता जाता मला थोपटायचे. मला तेवढं पुष्कळ होतं.

पण घोटायचा कोण? ज्योतीराम. अकरा वर्षं माझा बत्ता त्याच्याच हातात होता. चूर्ण झालं की नाही, हे तो बघून नव्हे, आवाजावरून सांगायचा. वैद्यांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं हे सगळं ज्योतीरामच बघणार, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग पंचावन्न सालाच्या सुमारास पिंपरीला औषधांचा मोठा सरकारी कारखाना सुरू झाला. सुईनं द्यायचं औषध तिथं होतं म्हणे. हळूहळू वैद्यांच्या ओसरीवरची गर्दी आटली. दोन-दोन दिवस मी कोरडाच. ज्योतीराम उगीच मला पुसत बसायचा. घरी बायको सोजराबाई आणि दोन लेकरं. एक दिवस त्यानं कुणाला न सांगता कारखान्यात अर्ज टाकला, पत्ता मात्र मेहुण्याचा दिला.

उत्तर आलं. ते त्यानं दहादा वाचलं आणि घडी करून माझ्याखाली सरकवलं. घरी ठेवलं असतं तर गावभर झालं असतं, आणि मला तर कुणी उचलत नसे. मंगळवारी हजर व्हा, असं त्यात होतं. औषधाच्या कामाचा अनुभव असल्याचा, सध्याच्या मालकाच्या सहीचा दाखला सोबत आणा.

मित्रांनो, मी दगड. पण ते पत्र अंगाखाली आल्यापासून मलाही चैन पडेना. वैद्यांची पावलं वाजली की ज्योतीरामचा बत्ता अडखळायचा आणि त्याच्या छातीतली धडधड मुठीतून थेट माझ्या पोटात उतरायची. दाखला मागावा तर आबांना कळणार. आबांना कळलं आणि तिकडचं काम झालंच नाही, तर इकडचंही गेलं! न मागावा तर मंगळवार काही थांबणार नव्हता.

गुरुवारी त्यानं धीर केला.

“आबा, एक कागुद पायजे व्हता. मी तुमच्याकडं औषध घोटायला हाय, असा.”

“कशापायी?”

“बहिणीच्या सोयरिकीचं चाललंय. चऱ्होलीची माणसं हायती. भाऊ काय करतो, इचारत्यात.”

काढ्यासाठी बसलेल्या ठकुबाईनं मान वर केली. “चऱ्होली? आगं बाई, माझं म्हायेरच की! कुणाच्या घरची रं सोयरीक?”

“त्ये… वेशीजवळचं घर.”

“वेशीजवळ निस्ता मारुती ऱ्हातो. त्येच्या गळ्यात बांधतोस व्हय बहीण? त्यो लगीन करायचा न्हाई, बाबा!”

ज्योतीरामच्या कपाळावरचा घाम टपकन माझ्यात पडला. वैद्य मात्र हसले. “कागुद कशाला, ज्योतीराम? ऐतवारी मीच येतो चऱ्होलीला. चार माणसांत शब्द देतो. माझ्या शब्दापरीस कागुद मोठा हाय व्हय?”

“न्हाई आबा, तुमी कशाला तरास घेता! त्यास्नी कागुदच पायजे.”

“बरं, बघू.”

शुक्रवार ‘बघू’त गेला, शनिवारही. रविवारी वैद्य पाय दुखतो म्हणून घरात बसून राहिले. ज्योतीरामला वाटलं, आबांना सुगावा लागला. सोमवारी दुपारी मात्र त्यांनी दौत-टाक घेऊन चार ओळी लिहिल्या. ज्योतीरामनं दोन्ही हातांनी कागद घेतला आणि वाचता वाचता खाली बसला.

‘ज्योतीराम हा माझे घरी अकरा वर्षे शेतगडी म्हणून आहे. वर्तणूक चांगली.’

औषधाचं नाव नाही. खलाचंही नाही.

मित्रांनो, आज मी एका परसात पडून असतो. चिमण्या माझ्यात पाणी पितात. मला घासा-पुसा, असं माझं मागणं नाही. पण जो तुमच्यासाठी राबला, त्याच्या कामाला त्याचं खरं नाव द्या. एका चुकीच्या शब्दानं माणूस कसा पांढरा पडतो, ते मी त्या दुपारी पाहिलं.

“शेतगडी?” ज्योतीरामचा आवाज फाटला. “आबा, घोटून घोटून घट्टे पडले हाताला. तुमच्या शेतात मी कवा पाय ठिवला?”

“सोयरिकीला चालतोय की शेतगडी.”

“सोयरीक कसली न्हाई, आबा! खोटं बोललो मी.” त्यानं मला उचलून बाजूला केलं आणि पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. “पिंपरीच्या कारखान्यात जायाचंय मला. उद्या बोलावलंय.”

वैद्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. आता हे टाक फेकून देतात की दाराकडं बोट करतात, म्हणून मी धास्तावून बघत राहिलो. त्यांनी नवा कागद ओढला. ‘औषध घोटण्यात व बनवण्यात अकरा वर्षे तरबेज’ असं लिहिलं. सही केली. सहीखाली ‘वैद्य’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात फार वेळ थांबला. मग लिहिला, शाईवर फुंकर घातली आणि कागद पुढं केला.

ज्योतीरामनं तो घेतला, पण उठला नाही.

“आबा, रागावला न्हाई तुमी. मंग आदी तसं का लिवलंत?”

वैद्यांनी उंबऱ्यापलीकडं कुणी नाही ना, ते पाहून घेतलं.

“भ्यालो म्हून. तीस वर्सं नाडी बघतोय, पर सरकारच्या यादीत वैद्य म्हून माझं नाव न्हाई. माझ्या सहीचा कागुद फिरत फिरत सरकारी कचेरीत गेला, तर उद्या कुणीबी दारात येऊन इचारंल, तू वैद्य कशावरनं? अर्ज केला व्हता मी. कुठं शिकला त्येचा कागुद आणा म्हनले. बापानं शिकवलं, त्यो कुठला कागुद देतोय? तू माझ्याकडं दाखला मागतोस, ज्योतीराम… आन् मला कुणी दिलाच न्हाई रे.”