डाळीचे रिव्हेट

रिव्हेटला भुंगा लागला होता.

स्टुलावर उभ्या रमाकांतनं चष्मा कपाळावर सरकवला आणि कप्पी डोळ्यांजवळ ओढून पुन्हा पाहिलं – काठावर सोळा रिव्हेट, त्यातल्या एकाच्या बरोबर मधोमध सुईनं टोचावं तसं बारीक, गोल, अतिशय नेटकं भोक. लोखंडाला भुंगा लागत नाही एवढं ज्ञान त्याला बी.ए. व्हायच्या आधीपासून होतं. पण हा रिव्हेट हरभऱ्याच्या डाळीचा होता. डाळीची पाठ फुगीर, पोट सपाट. पोटाला फेव्हिकॉल लावून ती चिकटवायची, वर गेरू, दालचिनीची पूड आणि बारीक वाळू यांचा लेप द्यायचा, त्यावर लॅकरचे तीन हात – की शंभर वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी घामाघूम होऊन ठोकलेला रिव्हेट तयार. पुण्यातली गिऱ्हाइकं त्याच्यावरून बोट फिरवून म्हणत, काय काम असायचं नाही तेव्हाचं! तेव्हाचं, म्हणजे यंदाच्या श्रावणातलं.

कप्पीही तशीच. विहिरीवरची, दोर टाकून पाणी ओढायची – म्हणजे तशी दिसणारी. आत दाबलेल्या भुशाच्या एमडीएफची चकती, कडेला पीव्हीसी पाइपची पट्टी, मधून आलेली वायर, खाली पिवळा बल्ब. भागवतरावांच्या नव्या बंगल्यात, सोफ्याच्या बरोबर वर ती टांगलेली होती. दसऱ्याआधीची अष्टमी होती. आणि रमाकांतला इथं गंज काढायला बोलावलं होतं. गंज चढवायला लोक त्याला बोलवत. काढायला पहिल्यांदाच.

‘‘काय पाहून राह्यले मास्तर? निघन ना?’’ खालून झुंबरबाईंनी विचारलं.

भागवतरावांची आई. चौऱ्याऐंशीच्या पुढं. इटालियन म्हणून विकल्या गेलेल्या फरशीवर गोणपाट टाकून, पाय पसरून त्या बसल्या होत्या आणि पुढ्यात चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची शेंडी असा जय्यत सरंजाम होता. गॅसच्या घरात राख कुठून पैदा केली कोण जाणे.

‘‘निघेल... बघतो,’’ तो म्हणाला. यातला ‘निघेल’ खोटा होता. बघत मात्र तो खरोखरच होता.

‘‘उद्या खंडेनवमी. गंजल्या लोखंडाले कुकू लावाव का मानसानं? पुष्पानं सकायपासून घासलं, जराक निघत नाही. पक्का गंज हाय.’’

पक्का गंज. सात वर्षं तो हा धंदा – धंदा म्हणजे छंद, छंद म्हणजे चित्रकलेचा तास झाल्यावर उरलेल्या माणसाचं काहीतरी – करत होता, पण एवढी निखळ दाद त्याला कुणी दिली नव्हती. सून पुष्पांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सकाळी कपडा नुसता फिरवला असणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिला ठाऊक होतं. भागवतरावांना ठाऊक होतं. भुंग्याला तर आतून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या झुंबरबाईंना, आणि ते सांगण्यासाठी शिकलेला माणूस म्हणून रमाकांतची नेमणूक झाली होती.

काल संध्याकाळी भागवतरावांचा फोन. ‘‘सर, तुमीच सांगा काहीतरी. मास्तर लोकायचं ऐकते ती. म्या सांगतलं तं झालंच... मंग पुन्हा पुष्पाच्या मार्फत जेवा लागन मले.’’

कारण ते तसं सात वर्षं जेवले होते. समृद्धी महामार्गात शेत गेलं, शेताबरोबर विहीर गेली, आणि विहिरीवरची कप्पी भागवतरावांनी बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याच्या गाडीत टाकली. म्हातारीनं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त मुलाशी बोलणं बंद केलं. मुलगा हातभर अंतरावर बसलेला असताना ती सुनेला म्हणायची, पुष्पे, त्याले म्हनाव भाकर थंडी होऊन राह्यली. बंगला बांधून झाला, वास्तुशांत झाली, तरी तेच. मग या श्रावणात हा दिवा टांगला. फॅशन म्हणून, कुठल्याशा हॉटेलात पाहिला म्हणून. म्हातारी त्याच्याखाली येऊन उभी राहिली, बराच वेळ वर पाहिलं, आणि मग सुनेकडे नाही, सरळ मुलाकडे वळली : ‘‘कुठून आनली बे?’’ सात वर्षांतला पहिला प्रश्न. भागवतरावांना उत्तर माहीत होतं – मेहकरातूनच, ड्रॉइंगच्या सरांकडून करून घेतली – पण पहिल्या प्रश्नाची भीतीच अशी, की तोंडातून एवढंच निघालं : ‘‘आनली.’’

एक शब्द. तोही खोटा नाही. विहिरीवरचीच परत आली असं म्हातारीनं धरलं, आणि मुलाशी बोलू लागली.

आज ते नांदुऱ्याला गेले होते. फार महत्त्वाच्या कामाला.

रमाकांतनं स्कूटरवरून येताना वाक्य तयार केलं होतं. आजी, हे लोखंड नाही. चार शब्द. शाळेत शिपायालाही कळेल असं. रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत पडलं होतं, मळणीयंत्राची धूळ चष्म्यावर बसत होती, आणि तो हेल्मेटच्या आत म्हणत होता – आजी, हे लोखंड नाही. मग लक्षात आलं, की पुढचा प्रश्न असेल : मंग काय हाय? आणि त्याचं उत्तर चार शब्दांत मावेना. पुण्यातून आरोही, त्याची मुलगी, हे सगळं इंटरनेटवर टाकते तेव्हा त्याखाली लिहिते – स्टीमपंक. वाफेच्या इंजिनाच्या जमान्याची आठवण. आता मेहकरला वाफेचं इंजिन काही आलं नाही, डिझेलचंही नाही, खामगाव–जालना रेल्वेचा सर्व्हे रमाकांतच्या आजोबांच्या लहानपणी चालू होता आणि तो अजून उत्साहानं चालू आहे. जो काळ आपल्याकडे फिरकलाच नाही, त्याची आठवण आपण डाळ चिकटवून तयार करतो आणि ज्यांच्याकडे तो येऊन गेला त्यांना विकतो... यात कोण कोणाला काय देतं, हे त्यानं एकदा सुहासिनीला – बायकोला – नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली होती, दालचिनी संपवलीत, ते आधी सांगा.

त्यानं अंगठा कप्पीवरून फिरवला आणि पाहिला. स्वच्छ. चांगल्या गंजाची हीच परीक्षा – अंगठ्याला लागता कामा नये. ही परीक्षा त्याला वडिलांनी शिकवली होती, फक्त उलटी – गंज गेला की नाही ते पाहायची. वडील एसटीच्या डेपोत फिटर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते नट आवळायचे पाने घरी आणायचे, रॉकेलची वाटी पुढं ठेवायचे, आणि तो, आठ-नऊ वर्षांचा रमाकांत, घासायचा. घासून झालं की वडील पान्यावरून अंगठा फिरवायचे आणि काही न बोलता अंगठा त्याच्यासमोर धरायचे. तांबडा असला तर पुन्हा. पुन्हा तांबडा, पुन्हा. मारायचे नाहीत, रागवायचे नाहीत, नुसता तो अंगठा... आज सकाळी वडिलांचा मोठा पाना शोधला तर सापडला नाही. ‘‘अहो, तो तुम्ही त्या पुण्याच्या घड्याळात लावलात ना?’’ सुहासिनी म्हणाली. त्यानं घड्याळात काटे म्हणून पाने लावले होते हे खरं. पण ते पुठ्ठ्याचे. चार पुठ्ठ्याचे करून, रंगवून, ओळीनं वाळत घातले होते, आणि शेजारी नमुना म्हणून खरा ठेवला होता. मग पॅक केलं. उचललं असतं तर वजनावरून कळलं असतं. मी उचललं नाही का? मी उचलल्याशिवाय पॅक कसं केलं? की माझ्या हाताला आता वजन कळेनासंच झालंय...

‘‘खाली घ्या तिले,’’ झुंबरबाई म्हणाल्या. ‘‘मी बसतो संगं. मिळून घासू.’’

‘‘आजी –’’ तो म्हणाला.

‘‘पेलन ना एकट्याले? चढवाले दोघं लागले व्हते. भागवताचा बाप अन् सालदार. जपून, पायावर पाडसान.’’

वाक्य तोंडात होतं आणि हूक-वायर सुटून कप्पी हातात आली होती. वजन, म्हणाल तर शाळेच्या पाटीएवढं. पण खालून चौऱ्याऐंशी वर्षांचे डोळे त्याच्या दंडांकडे पाहत होते, आणि काय झालं त्याचं त्यालाच कळलं नाही – त्यानं दोन्ही हात लावले, गुडघे वाकवले, ओठ आवळून ‘हंऽ’ केलं आणि स्टुलावरून एकेक पाय चाचपत खाली उतरला. शेवटच्या क्षणी जमिनीपासून चार बोटांवर तो थांबला, कारण प्लायवुडासारखा टकटक आवाज झाला असता; मग खाली तळहाताचं अस्तर घालून ती अगदी अलगद ठेवली. पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला. खांद्यात मात्र खरंच कळ आली होती. नाटकाची कळ खरी असते का, हे कुणाला विचारायचं?

तो घासायला बसला. एका बाजूनं त्या, एका बाजूनं तो. लॅकर पक्कं होतं. चिंचेचा कोळ त्यावरून मोत्यांसारखा घरंगळत होता. आणि विचार करायला वेळच वेळ होता, म्हणून तो गेरूचा विचार करू लागला. सायन्सच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं होतं, गेरू म्हणजे तरी काय हो, मातीतल्या लोखंडाचा गंजच. म्हणजे हा गंज खरा. अस्सल, डोंगरातला. लोखंड तेवढं खोटं. हे जर झुंबरबाईंना सांगितलं – आजी, गंज खरा आहे, बाकी काळजी करू नका...

‘‘हा टवका,’’ काठावरच्या खाचेत बोट घालून त्या म्हणाल्या. ‘‘हा तवाचा. बैल पडला विहिरीत. साखळदंड लावून काहाडला वरतं. तवा उडाला हा टवका. भागवत पोटात व्हता.’’

खाच श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारची होती. लाइट गेली होती, करवतीचं बटण तसंच राहिलं, लाइट आली, पातं घसरलं. त्याला शिवीसुद्धा आठवत होती. पण त्याच वेळी बैलही दिसत होता : काळं पाणी, वर ताणलेली साखळी, बैलाच्या पोटाखालून निथळणाऱ्या धारा, पांढरा बैल, एक शिंग मोडलेलं...

‘‘एका शिंगानं मोडका होता ना?’’ त्यानं विचारलं.

विचारून तो स्वतःच दचकला. झुंबरबाईंचा हात थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं – तपासल्यासारखं नाही, ओळखल्यासारखंही नाही.

‘‘हाव,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘मोडेलच व्हता. तुमाले कोनं सांगतलं?’’

कुणीच सांगितलं नव्हतं. मग मोडका होता, की त्यानं म्हटलं म्हणून त्यांनी मोडला? त्या त्याला सांभाळून घेत होत्या का? पाहुणा माणूस, मास्तर, बोलून गेला, तर जाऊ द्या एक शिंग... असंच त्याही दिवशी, दिव्याखाली, मुलगा ‘आनली’ म्हणाला तेव्हा – नाही. हा विचार त्यानं तिथंच ठेवला, पायाखाली काहीतरी हललं तर पाऊल जसं आहे तसं ठेवतात तसा.

तो जोरानं घासू लागला. फार जोरानं. आणि घड्याळातल्या चारच्या ठिकाणचा रिव्हेट सुटला.

भुंग्यानं आतून पोखरलेला, तो सुटायचाच होता. गोणपाटावर टप्पकन पडला, अर्धा तांबडा, अर्धा पिवळा, चिंचेच्या पाण्यात ओला. रमाकांतचा हात पुढं गेला तोवर झुंबरबाईंनी तो उचलला होता. ज्या चिमटीनं सत्तर वर्षं सूप पुढं घेऊन डाळ निवडली, त्या चिमटीत तो फिरला – फुगीर बाजू, सपाट बाजू, पुन्हा फुगीर. नख भोकापाशी आलं आणि थांबलं. पुष्पांजलीनं तोंडावरचा पदर खाली घेतला. आता उशीर झालाच होता. आता निदान शिकलेल्या माणसासारखं –

‘‘आजी,’’ तो म्हणाला, ‘‘हे लोखंड –’’

‘‘पुष्पे,’’ झुंबरबाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘भागवत कवा येते वं नांदुऱ्याहून?’’

‘‘संध्याकाळी म्हणत होते, आत्याबाई.’’

‘‘फोन लाव त्याले. म्हनाव, येता येता झेंडूचे फुलं आनजो. चाकाले हार लागन.’’ मग जराशानं, ‘‘थांब. लावून इकडं दे. मीच सांगतो.’’

फोन वाजू लागला. एका हातानं तो कानाला धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती डाळ लुगड्याच्या कनवटीला खोचली, वर दोनदा बोट दाबलं, आणि रमाकांतकडे पाहिलं.

‘‘तुमी काऊन थांबले मास्तर? घासा ना.’’

त्यानं घासलं. पलीकडे भागवतराव घाबरून ‘‘काय झालं बाई, काय झालं?’’ करत होते आणि त्या त्यांना, पिवळेच आन, केशरी नोको, असं तपशिलात सांगत होत्या. कळलं होतं का त्यांना? कधी कळलं होतं – आत्ता, की श्रावणात? त्यानं विचारायला मान वर केली आणि विचारायच्या ऐवजी, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, अंगठा कप्पीवरून फिरवून त्यांच्यासमोर धरला. अंगठा तांबडा होता. लॅकर गेलं असेल. किंवा उद्याच्या पूजेचं कुंकू कुठूनतरी लागलं असेल. किंवा डोंगरातला अस्सल गंज. झुंबरबाईंनी फोन कानावरून जरा दूर केला, अंगठा नीट पाहिला.

‘‘अजून,’’ त्या म्हणाल्या.

खाली काय लागणार हे त्याला माहीत होतं. त्यानंच ते करवतीनं कापलं होतं. शेंडी राखेत बुडवून तो पुन्हा वाकला, खांदा ठणकत होता, आणि हाताच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, काहीही कारण नसताना, त्याला वाटत राहिलं... आता लागेल. आता थंड, काळं, जड असं काहीतरी लागेल.