अकरा दारं वाजवणारा तोर्निके

आमच्या इमारतीत भांडणं होत नाहीत. चिठ्ठ्या लागतात. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत, यंत्रांच्या वर, चार टाचण्यांनी नीट ताणून. खाली नाव नसतं. 'सस्नेह, एक शेजारी' एवढंच असतं, आणि त्यातला स्नेह ज्याला कळतो त्याला दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

ऑक्टोबरातली ती चिठ्ठी मी लिहिली होती. माझी धुण्याची पाळी दहाची, माझ्या आधी तोर्निकेची. सुकवायच्या यंत्राची जाळी उघडली तर आत धाग्यांच्या भुग्याची ही एवढी गादी. हा तोर्निके जॉर्जियाचा. आमच्या उप्साला शहरातल्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला आलेला, आणि तिसऱ्या मजल्यावरची मालकीण नॉर्वेला लेकीकडे गेली म्हणून तिच्या घरात पोटभाड्याने राहणारा. मला नाव ठाऊक होतं, दार ठाऊक होतं. वर जाऊन 'बाबा रे, जाळी झाडत जा' म्हणायला एक मिनिट लागलं असतं. मी चिठ्ठीचे तीन कच्चे खर्डे केले. शेवटी लिहिलं, 'कोणीतरी जाळी साफ न करता गेलं आहे. आपण सगळे इथे एकत्र राहतो.' आणि खाली तो स्नेह.

आमच्यातला कोणी असता तर मनातल्या मनात शरमला असता आणि पुढच्या वेळेपासून जाळी लख्ख ठेवली असती. तोर्निकेला वाटलं, आपल्यामुळे कोणीतरी दुखावलंय. त्याच्या गावी दुखावलेल्या माणसाच्या दारी जातात, आणि रिकाम्या हातांनी जात नाहीत. त्याने चीज भरलेल्या रोट्या भाजल्या आणि रविवारी संध्याकाळी इमारतीतली बाकीची अकराच्या अकरा दारं वाजवली.

माझं दार चौथं. मी नुकतीच देवळातून आले होते. आमचे पाद्रीबाबा प्रार्थना गाऊन म्हणतात. त्यांचा आवाज असा की ऐकताना पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. मी मागे गायकांच्या रांगेत उभी असते. त्या दिवशी पापांची कबुली आम्ही दोन सुरांत गायलो होतो आणि माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात ही टकटक.

"मावशी, खालची चिठ्ठी तुम्ही लिहिलीत का? मला माफी मागायची आहे."

"नाही," मी म्हटलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही.

"बरं. तरी ही रोटी घ्या. गरम आहे."

मी रोटी घेतली. गरम होती, आणि सांगायला लाज वाटते, फार चविष्ट होती.

बाकीच्या दारांवर काय झालं ते नंतर कळलं. एकाला वाटलं आग लागली, तो कोट घालून, मांजर काखोटीला मारूनच बाहेर आला. दुसऱ्या मजल्यावरची टोरा दार न उघडता टपालाच्या फटीतून बोलली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने इमारतीच्या मंडळाकडे लेखी तक्रार दिली. आठ वर्षांत तिच्या दारावर न कळवता कोणी हात ठेवला नव्हता. जाळीबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

मंडळाची चिटणीस मी. त्यामुळे तोर्निकेला जे पत्र गेलं तेही मीच टंकलं. इथे कोणाकडे जायचं तर आधी वेळ ठरवावी, अशी त्याला नम्र विनंती. त्यानंतर जिन्यात त्याची नेहमीची शीळ ऐकू येईना. जाळी मात्र इतकी स्वच्छ असायची की पाहून जीव कसानुसा व्हायचा.

नोव्हेंबरात मंडळाची बैठक आली. पोटभाड्याची परवानगी दर वर्षी नवी लागते. ती गेली तर तोर्निकेला उप्सालात खोली मिळणं कठीण होतं. इथे खोलीसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत नाव लावून बसतात. खोली नाही म्हणजे शिक्षण नाही, आणि सामान बांधून परत आपल्या गावी, कुताइसीला.

आमचे अध्यक्ष स्टेलान. ते कोणाला वाईट म्हणत नाहीत. कॉफी ओतून झाल्यावर म्हणाले, मुलगा चांगला आहे, अभ्यासू आहे, पण. त्या 'पण'पुढे काही बोलायची गरज नसते. टोराने मान हलवली. सगळे आपापल्या दालचिनीच्या पावाकडे बघत राहिले. आमच्याकडे असंच मतदान होतं.

मला रविवारची कबुली आठवली. किती सुरेल गातो आम्ही ती. पण तिथे 'आम्ही' असतं. चाळीस जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की पापही वाटलं जातं. 'मी' म्हणायची वेळ गायकांच्या रांगेतल्या एकतीस वर्षांत माझ्यावर आली नव्हती.

"ती चिठ्ठी माझी होती," मी म्हटलं. "तो माफी मागायला आला आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले. मी तेव्हाच हो म्हटलं असतं तर पुढची सात दारं वाजलीच नसती."

कोणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

"योर्डिस," स्टेलान अगदी हळू म्हणाले, "हे इथं सांगायची काही गरज नव्हती."

"चिठ्ठीखाली नाव नसतं ते काही उगाच नाही," टोरा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. त्यावरून मला कळलं, धुण्याच्या खोलीतल्या मागच्या कितीतरी चिठ्ठ्या कुणाच्या होत्या ते.

यानंतर सगळ्यांना एकच घाई, विषय बदलण्याची. स्टेलाननी कागद उचलला. एक वर्ष परवानगी, हरकत कोणाची? नाही. पुढचा विषय सायकलींचा. माझ्या कबुलीमुळे कोणाचं मन वगैरे वितळलं नाही. तिच्यापासून पळायला वाट हवी होती, आणि जवळची वाट तोर्निकेच्या घरावरून जात होती.

बैठक संपताच मी तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दार वाजवलं. कोणाला न कळवता.

दार वीतभर उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. परवानगी मिळाल्याचं, चिठ्ठीचं, खोटं बोलल्याचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आभारी आहे, योर्डिस," तो म्हणाला. मावशी नाही. "मनात काही ठेवू नका. आपण यावर कॉफी घेऊ या."

मी आत पाऊल टाकायला पाय उचलला.

"पुढच्या गुरुवारी सहा वाजता जमेल?"

तो थट्टा करतोय का ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. मंडळाच्या पत्रातला मजकूर त्याने मनापासून पाळला होता. मी म्हटलं, जमेल. तो अदबीने हसला आणि दार इतकं हलकेच लावलं की कडीचाही आवाज झाला नाही.