दुकानदार मालक आणि फेरी रोडचा फिरता दरवाजा

दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी फळ्या, कडी आणि कुलूप येत असेल. मित्रांनो, मी तसा नाही. मी एक जुना फिरता दरवाजा आहे. मध्ये एक खांब, त्याला कंबरेएवढ्या उंचीवर चार लोखंडी हात, आणि शेजारच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाच्या पायाखाली एक पट्टी. त्याने पट्टी दाबली की मी जरासा फिरतो, ‘खट्’ असा आवाज होतो आणि एक माणूस आत जातो. एका वेळी एकच. त्या बाबतीत मी फार कडक आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या सॉल्टबी गावात, फेरी रोडच्या फुटबॉल मैदानाच्या विटांच्या भिंतीत मी उभा आहे. जिथे जहाजांचे साखळदंड ओतले जात त्याच कारखान्यात माझा जन्म झाला. पोटावर कारखान्याचं नाव आहे, पण हिरव्या रंगाचे इतके थर चढले आहेत की आता ते बोटांनी चाचपूनच वाचावं लागतं. शनिवारी दुपारी गोदीतून सुटलेले कामगार थेट माझ्याकडे येत. कुणाच्या हातात कागदात गुंडाळलेली मटण भरून भाजलेली गरम पाई, कुणाच्या तोंडाला बियरचा वास, आणि गळ्यात मात्र सगळ्यांच्या एकच निळा-पांढरा मफलर. आत शिरताना माझ्या हाताला थोपटून जायची त्यांना सवय होती. मला ते फार आवडायचं.

आमच्या गावची एक रीत सांगतो. लहान मुलांचं तिकीट कुणी काढत नसे आणि त्यांना माझ्यातून कधीच नेत नसत. बाप मुलाला काखेत धरून उचलायचा, “पाय वर, बाळा!” म्हणायचा आणि त्याला माझ्या हातांवरून पलीकडे ठेवायचा. मग स्वतः खट् करून मागोमाग जायचा. नियमाने हे चालत नव्हतं. म्हणून खिडकीतल्या माणसाला नेमकं त्याच वेळी छताकडे बघावंसं वाटायचं. असं माझ्यावरून गेलेलं पोर जन्मभर सॉल्टबी संघाचं झालं, असं गावात मानत. मूल बोलायला लागलं की शेजारीपाजारी विचारायचे, “काय हो, उचललंत का याला फेरी रोडवर?”

विल्फ हेपलला त्याच्या बापाने असंच उचललं होतं. तो मोठा झाला, गोदीत वेल्डर झाला, आणि त्याने आपल्या मुलीला, डेनीसला, उचललं. तोवर खिडकीत नोरा टुलक बसायला लागली होती. नोराची जीभ मोठी तिखट. डेनीस पलीकडे उतरल्यावरही नोराची नजर छतावरच होती. “विल्फ, झालं का रे? इथे छतावर कोळी आहे, त्याची आता मला तोंडओळख झाली.”

पुढे गोदी बंद पडली. संघही डबघाईला आला. मैदान विकून तिथे घरं बांधणार अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा क्लाइव्ह ऑर्डिश नावाचे गृहस्थ आले. तुम्ही ऑर्डिशची दुकानं पाहिली नसतील, आमच्याकडे मात्र ती प्रत्येक गावात आहेत. बूट, शर्ट, सायकली, सगळं स्वस्त, आणि भिंतभर लाल अक्षरांत मालकाचं आडनाव. एका गाळ्यापासून सुरुवात करून हा माणूस गडगंज श्रीमंत झाला होता. त्याने संघ विकत घेतला आणि मैदान वाचलं. हे मी विसरलेलो नाही आणि तुम्हीही पुढची गोष्ट ऐकताना विसरू नका.

पहिल्या सामन्याला ऑर्डिशसाहेब मालकांच्या दारातून गेले नाहीत. संघाचा पट्ट्यांचा शर्ट घालून, हातात पाई घेऊन, ते माझ्यासमोर रांगेत उभे राहिले. नोराने पट्टी दाबली, मी फिरलो, आणि साहेब अडकले. त्यांचं पोट माझ्या दोन हातांमध्ये असं काही बसलं की पुढेही जाईना आणि मागेही येईना.

“साहेब, श्वास सोडा,” नोरा म्हणाली. “आणि ती पाई इकडे द्या. सगळा दोष तिचाच आहे.”

रांग हसायला लागली. साहेबही पोट धरून हसायला लागले, त्यामुळे ते आणखीच घट्ट बसले. शेवटी मागे उभ्या असलेल्या विल्फने खांदा लावला आणि एका दणक्यात त्यांना आत ढकललं. “आपल्यातलाच आहे रे हा!” तो ओरडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझा एक हात थोडा वाकला. मला त्याचा अभिमान वाटत होता.

तो अभिमान फार दिवस टिकला नाही. आधी मैदानाचं नाव गेलं. फेरी रोडच्या जागी ‘ऑर्डिश मैदान’ अशी लाल पाटी लागली. मग जो तरुण आघाडीवीर गावाचा जीव की प्राण होता, तो ऐन हंगामात विकला गेला. प्रशिक्षकाला काढलं, आणि त्या बिचाऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळलं. पत्रकारांनी साहेबांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, “दुकान माझं, पाटी माझी. न आवडणाऱ्याने दुसऱ्या दुकानात जावं.” अहो, फुटबॉलचा संघ म्हणजे काय सायकलचं दुकान आहे? आमच्या गावाला दुसरं दुकान नाही, ही साधी गोष्ट त्या एवढ्या हुशार माणसाला कळली नाही.

माझ्या डोक्यावरही एक पाटी आली: ‘मुलांना दरवाजावरून उचलू नये. प्रत्येकाला तिकीट आवश्यक.’

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण मी दोन्ही बाजूंनी उघडणारा आहे. जुन्या गोदीच्या जागेवर साहेबांनी आपलं प्रचंड गोदाम बांधलं आणि वर्षानुवर्षं रिकाम्या बसलेल्या गावाला काम दिलं. कामही कसं, तर सुटताना प्रत्येकाने झडतीच्या रांगेत उभं राहायचं, त्या वेळेचे पैसे नाहीत, आणि उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. साहेबांना खासदारांच्या समितीसमोर जाब द्यावा लागला, तेही गाजलं. पण लोक माझ्यासमोर उभे राहून त्यांच्या नावाने खडे फोडायचे, तेव्हा मी गुपचूप त्यांच्या पायांकडे बघायचो. निम्म्यांच्या पायांत ऑर्डिशचेच बूट असायचे.

विल्फच्या पायांत मात्र नसायचे. गाव त्याला चिडवायचं, “तूच ढकललास ना त्याला आत?” बोलणारे हसून सोडून द्यायचे, पण ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. एका शनिवारी त्याने माझ्या हातावर तळवा ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “हा माणूस इथून जाईपर्यंत मी या दरवाजातून आत जाणार नाही.”

तो शब्दाला जागला. दर सामन्याला तो यायचा, मफलर गुंडाळून माझ्यासमोर रस्त्यावर उभा राहायचा, भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकायचा आणि सामना संपला की घरी जायचा. सुरुवातीला त्याच्याबरोबर बरेच जण होते. मग पाऊस होता, थंडी होती, कुणाला घरी टीव्ही होता. शेवटी विल्फ एकटाच उरला.

आणि डेनीस? डेनीस त्याच गोदामात कामाला होती. तिचा नवरा सोडून गेला होता, पदरी फ्रेया नावाची लहान मुलगी होती. संघ हरायला लागला, खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा साहेबांनी कामगारांना फुकट तिकिटं वाटली. डेनीस कामावरून तशीच, गोदामाच्या लाल जाकिटात, फ्रेयाला कडेवर घेऊन आली.

“बाबा, चला ना,” ती म्हणाली. “फ्रेया चालायला लागली. तुम्ही उचलून घ्याल तिला म्हणून आणलंय.”

विल्फने नातीकडे पाहिलं. त्याचे हात पुढे आले होते, मी पाहिलं. मग त्याची नजर जाकिटावर गेली.

“आधी ते अंगातून काढ. माझ्या नातीला त्याच्या फुकटच्या तिकिटावर आत नेतेस?”

“हे काढलं तर घरात चूल पेटायची नाही, बाबा. तुमची शपथ आम्हाला जेवायला घालते का?”

“आम्ही गोदीत संप केला तेव्हा अर्धपोटी राहिलो, पण…”

“तुम्ही नाही राहिलात. आई राहिली. तुमच्या ताटात वाढून.”

खिडकीत नोरा हातातल्या चहाकडे बघत बसली. डेनीसने ती तिकिटं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही उचलल्याशिवाय ती आत जाणार नाही. माझाही शब्द आहे, तुमचीच मुलगी आहे मी.” आणि ती पोरीला घेऊन निघून गेली. तिकिटं वाऱ्याने उडाली. बापलेकीत त्यानंतर जेवढ्यास तेवढंच बोलणं राहिलं.

मित्रांनो, मला त्या काळात एकच घोर लागला होता. माणसाच्या हातातली ताकद कमी होत जाते आणि मुलं वाढत जातात. मी आयुष्यभर हेच बघितलं आहे. साहेब कधी जाणार? आणि ते जातील तेव्हा विल्फला पोर उचलवेल का?

मग माझीच पाळी आली. दुसऱ्या बाजूला कार्ड दाखवलं की उघडणारी नवी दारं बसली. नोराला घरी बसवलं, माझ्या हातांना साखळी घालून कुलूप लावलं, आणि माझ्या पोटावर खडूने फुली मारली. फुली म्हणजे भंगार, हे मला कळत होतं. संघ खालच्या गटात गेला होता. समुद्राचा खारा वारा माझ्या सांध्यांत शिरायचा आणि मला फिरवायला कुणी नव्हतं. मी गंजलो. विल्फ मात्र सामन्याच्या दिवशी यायचाच. आता तो काठी टेकत यायचा, आणि मी बंद आहे हे दिसत असूनही माझ्याच समोर उभा राहायचा. कुणीतरी माझी आठवण ठेवतंय, एवढाच मला आधार होता.

आणि मग एका सकाळी गावात मोटारींचे भोंगे वाजायला लागले. ऑर्डिशसाहेबांनी संघ विकला होता! लोक खिडक्यांतून मफलर फडकवत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि मला तर नवा रंग दिल्यासारखं ताजंतवानं वाटत होतं. नवे मालक कसे निघतील मला ठाऊक नाही. पैसेवालेच आहेत. पण पहिल्याच दिवशी त्यांनी लाल पाटी उतरवली आणि लोकांच्या आग्रहाखातर, पुढच्या सामन्याला जुना दरवाजा उघडायचं कबूल केलं. नोराला बोलावून तिच्या हाती किल्ली दिली.

शनिवारी फेरी रोडवर मुंगीला वाट नव्हती. सगळ्यांत पुढे विल्फ. नोराने कुलूप काढलं, आपल्या जागी बसली आणि पट्टी दाबली. मी सगळं बळ एकवटलं. काही उपयोग झाला नाही. विल्फने ढकललं, मागच्या दोघांनी ढकललं, तरी मी तसूभरही हललो नाही. एवढी वर्षं वाट बघितलेला माणूस समोर उभा, आणि मीच त्याला अडवून बसलेला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“त्या नव्या दारातून जा रे, विल्फ,” कुणीतरी म्हणालं.

“मी याच दरवाजाची शपथ घेतली होती,” विल्फ म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून लाल जाकीट पुढे आलं. डेनीस कामावरून थेट आली होती. तिचं बोट धरून फ्रेया होती, चांगली उंच झालेली, पुढचे दोन दात पडलेली. डेनीसने खिशातून एक छोटी लाल बाटली काढली. सायकलचं तेल. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ऑर्डिश.

“फ्रेयाच्या सायकलसाठी घेतलं होतं,” ती म्हणाली. “घालू का, बाबा? की आधी बाटली बदलून आणू?”

विल्फने बाटलीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“घाल,” तो म्हणाला. “मेल्याने जाता जाता एवढं तरी काम करावं. आणि जाकिटाची चेन लाव गं, केवढी थंडी आहे.”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तेल उत्तम होतं. ते माझ्या सांध्यांत उतरलं, नोराने पुन्हा पट्टी दाबली आणि मी करकरत जरासा हललो. पण विल्फ आता फ्रेयाकडे वळला होता. त्याने काठी माझ्या खांबाला टेकवली, तिला काखेत धरलं आणि उचलायला गेला. पोर जमिनीवरून जेमतेम सुटली. त्याने पुन्हा जोर केला. मला त्याच्याकडे बघवेना.

डेनीस फ्रेयाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिने तिथून हात घातला.

“नोरा,” विल्फ म्हणाला, “वर पाटी आहे बघ तुझ्या. उचलू नये म्हणून.”

नोराने चष्मा काढून मांडीवर ठेवला. “कसली पाटी? मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि कोळ्याची चौकशी करायची राहिली आहे.” तिने मान वर केली.

“पाय वर, बाळा!” बापलेक एकदम म्हणाली.

“आजोबा, मी बाळ नाहीये!” फ्रेया ओरडली, पण पाय तिने वर घेतले. तिचे बूट माझ्या हाताला घासले आणि ती पलीकडे उतरली. मग विल्फ माझ्या हातांमध्ये शिरला, मध्येच मी जरा अडखळलो, आणि डेनीसने मागून बापाला खांदा लावला. खट्! रांगेतून असा काही जल्लोष उठला की आत सामना सुरू झाला की काय असं वाटलं. त्या दिवशी आमचा संघ हरला, आणि कुणालाही त्याचं विशेष वाटलं नाही.

माझी फुली कुणीतरी बाहीने पुसून टाकली. आता मी पुन्हा कामावर आहे. मित्रांनो, लोखंड वापराने झिजतं खरं, पण बंद ठेवलं तर त्याहून लवकर जातं. बोलणं बंद केलेल्या माणसांचंही मी तसंच बघितलं आहे. तुमच्या गावात माझ्यासारखं काही जुनं उभं असेल तर त्यावर फुली मारू नका, जाता-येता त्याला थोपटत जा आणि थोडं तेल घाला. ते कुठल्या दुकानातलं आहे याची मी तरी आता चौकशी करत नाही.

आणि कधी फेरी रोडला आलात, बरोबर लहान मूल असलं, तर त्याला माझ्यातून ओढत नेऊ नका. नोरा छताकडे बघेपर्यंत थांबा, आणि मुलाला फक्त पाय वर घ्यायला सांगा.