बँडमास्तर ट्रम्पेट वाजवत नाहीत

शाळेतली मुलं उपमुख्याध्यापिका बाईंना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायची, आणि बाईंना त्यात अपमान वाटत नसे. मागे व्यायामशिक्षकाचं प्रमाणपत्र खोटं निघालं, तेव्हा सगळ्यांच्या आधी वास त्यांनाच आला होता.

नव्या बँडमास्तरांबद्दल तसाच वास त्यांना महिन्याभरातच येऊ लागला. मुलाखतीत माणूस छान बोलला होता. पोलीस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, मग एका सर्कशीत, असं सांगितलं होतं. पण त्यांना ट्रम्पेट तोंडाला लावताना कुणी पाहिलंच नव्हतं. मुलं चुकली की मास्तर गाऊन दाखवत, नाहीतर टेबलावर बोटं आपटत. बाईंनी एकदा सहज बोलल्यासारखं सुचवलं, की मुलांना जरा वाजवून दाखवा. तेव्हा मास्तरांचा दात दुखत होता. पुढच्या खेपेला ओठ फुटला होता. मग म्हणे डॉक्टरांनीच फुंकायला मनाई केली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," बाई घरी नवऱ्याला म्हणाल्या. त्याने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, की बँड नीट वाजतोय ना, मग तुझं काय जातंय?

बँड नीट वाजत होता, आणि बाईंना तेच जास्त खुपत होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या हाताखाली मुलं इतकी सुरात कशी? बाहेरून कुणाला तरी चोरून आणत असणार. रोज सरावाच्या वेळी त्या दाराबाहेर उभ्या राहून कान देऊ लागल्या, मधल्या सुट्टीतही बँडच्या खोलीवरून चकरा मारू लागल्या. आत मास्तर एकटेच वाद्यं पुसत बसलेले असत. बाई दिसल्या की झटकन उभे राहत. एवढी अदब बघून तर बाईंची खात्रीच पटली.

बाईंचे मामेसासरे पूर्वी पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं आणि मास्तरांना पत्ता लागू दिला नाही.

मामा सभागृहात शिरले ते थेट मास्तरांच्या गळ्यात पडले. मास्तर मात्र पांढरेफटक झाले. बाईंनी मामांना व्हरांड्यात गाठून विचारलं, तर ते हसायलाच लागले.

"ट्रम्पेट? अगं, हा मोठा ढोल बडवायचा. आमच्या सगळ्यांच्या मागे उभा असायचा."

तालीम संपल्यावर बाईंनी मास्तरांना ऑफिसात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, की सर्कशीत काय वाजवत होता.

"तिथेही ढोलच." मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. आधी दोन शाळांत खरं सांगितलं होतं, तिथून त्यांना हसत हसत वाटेला लावलं होतं. "ढोलवाल्याला कुणी मास्तर करत नाही, बाई. पण मागे उभं राहिलं की सगळा बँड ऐकू येतो. कोण घाई करतो, कुणाचा श्वास कुठे संपतो. मला तेवढंच येतं."

"मग फुंकायला शिकवतं कोण?"

"आधीच्या मास्तरांनी तयार केलेली मोठी मुलं धाकट्यांना दाखवतात. बेसूर झालं की मी थांबवतो."

बाईंचा यावरही चटकन विश्वास बसला नाही. त्यांनी दोन मोठ्या मुलांना वेगवेगळं बोलावून खोदून विचारलं. दोघांनी तेच सांगितलं. मग त्यांनी मास्तरांना बजावलं, की मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः सांगा, नाहीतर मी सांगते.

मास्तरांनी सांगितलं. मुख्याध्यापक भडकले आणि त्यांना आजच घरी पाठवायला निघाले. तेव्हा बाईच मधे पडल्या. खोटं बोलला ते वाईटच, त्याची समज द्या, म्हणाल्या. पण बँड त्याने सुरात ठेवलाय हे मी रोज दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. बरीच घासाघीस झाली. शेवटी मास्तर राहिले, आणि फुंकायची वाद्यं शिकवायला आठवड्यातून दोनदा दुसरा शिक्षक नेमायचं ठरलं.

तो नवा शिक्षक पहिल्या दिवशी आला आणि आपण कुठे कुठे वाजवलंय ते सांगू लागला. बाईंनी त्याला मधेच थांबवलं.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी वाजवा."