बारा बाटल्यांची पेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो. माझ्यात बारा खण आहेत आणि एकेका खणात पाण्याची एक बाटली बसते. पाहणाऱ्याला वाटते, सोडावॉटरवाल्याची असेल. पण मी सरकारी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात माझा नंबर होता, आता त्यातला एक आकडा तेवढा वाचता येतो.

सुरतेजवळच्या उधन्याच्या एका सुताराने मला घडवले. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्याने खणांना आतून घोंगडीचे तुकडे ठोकले. मग मी सुरतेच्या एका सरकारी कचेरीत दाखल झाले. गावोगावच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्याचे नमुने भरायचे, बाटल्यांना लाखेचा शिक्का मारायचा आणि त्या तपासणीला आणायच्या, हे आमचे काम. आमचे म्हणजे माझे आणि सुकदेव बागुल यांचे. सुकदेवभाऊ मूळचे खानदेशातले, राहायला सुरतेच्या लिंबायत वस्तीत. जीपमध्ये ते मला मागे टाकत नसत, मांडीवर घेऊन बसत. नऊ वर्षांत आमच्या हातून एकही बाटली फुटली नाही. बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्याने एकदा माझ्या झाकणावर हात ठेवून म्हटले होते, "काम असं पाहिजे." त्या दिवशी सुकदेवभाऊंनी मला घरच्या खोबरेल तेलाने पुसले.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पलसाण्याच्या पुढे, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांच्या मागे एक गाव आहे. तिथल्या हातपंपाचे पाणी फिकट गुलाबी येऊ लागले. पोरांच्या अंगावर फोड उठले. आम्ही नमुने भरून आणले. अहवाल आला, 'पाणी पिण्यास योग्य.' पुन्हा भरले. पुन्हा योग्य. तिसऱ्या खेपेला भागीरथीबेन नावाची म्हातारी पंपापाशी उभी होती. ती म्हणाली, "भाई, तमे बाटली भरी जाव छो, पण पाणी तो एवुं ने एवुं ज छे."

बाटल्या भरून नेता, पण पाणी जसेच्या तसे, असे तिचे म्हणणे. अहवाल 'योग्य' का येतो, ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते.

आम्ही परतलो की मला स्टोअरमध्ये ठेवत. स्टोअर सांभाळत बाबुराव, मराठवाड्यातले, सुकदेवभाऊंचे जवळचे मित्र. दोघे एकाच डब्यातून जेवत. त्याच बाबुरावांनी दुपारच्या सुट्टीत दार लोटून माझे झाकण उघडले होते. आमच्या कचेरीचे मोठे साहेब दाराशी पाठ लावून उभे होते. बाबुरावांनी बाटल्यांचे शिक्के फोडले, गुलाबी पाणी मोरीत ओतले, नळाचे पाणी भरले आणि नवी लाख लावली. तिन्ही वेळा हेच झाले.

बाटल्या कुठेतरी बदलतात, हे सुकदेवभाऊंच्या लक्षात आले. पण त्यांना संशय आला तो जीप चालवणाऱ्या योगेंद्रचा. वाटेत चहाला थांबलो की मी जीपमध्ये योगेंद्रबरोबर एकटी असे. तेव्हापासून ते मला चहाच्या टेबलावरही सोबत नेऊ लागले. योगेंद्रला ते कळले. "भाऊ, माझ्यावर भरोसा नाही का?" त्याने विचारले. सुकदेवभाऊंनी मला आणखी जवळ ओढले. आणि हा संशय त्यांनी विश्वासाने कोणाला सांगितला असेल? बाबुरावांना.

चौथ्या खेपेला मात्र त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन बाटल्या भरल्या, जादाच्या बाटल्या पिशवीत लपवल्या आणि त्यांतले थोडे पाणी एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडून तपासून घेतले. पाण्यात मिलच्या रंगांतली विषारी रसायने निघाली. तपासणीचा तो कागद सुकदेवभाऊ दोन दिवस खिशात घेऊन फिरले. शेवटी त्यांच्या पत्नी मंदाबाई म्हणाल्या, "माले भ्याव लागस. पन त्या पोरं रोज तेच पानी पेतस. लिखी टाका."

त्यांनी गांधीनगरच्या वरच्या कचेरीला पत्र लिहिले. दुसऱ्या बाटल्या आपल्यापाशी आहेत, हेही लिहिले. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात, असे त्यांनी ऐकले होते. अकराव्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावले. आम्ही नुकतेच कामावरून आलो होतो, मी सुकदेवभाऊंच्या काखेत होते. टेबलावर तेच पत्र पडले होते. सहीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"अक्षर छान आहे तुमचं, बागुल," साहेब म्हणाले. "घरी सगळे बरे आहेत ना?"

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला जीप मिळेना. सुकदेवभाऊ मला सायकलच्या कॅरिअरला बांधून निघू लागले. मागून वाहनाचा आवाज आला की ते वळून पाहत. एकच मोटारसायकल तीन दिवस आमच्या मागे होती. चौथ्या दिवशी भर दुपारी, गोडादऱ्याजवळ, एका टेम्पोने आम्हाला मागून उडवले. टेम्पो थांबला नाही. त्याला नंबरची पाटीच नव्हती. सुकदेवभाऊंचा पाय मोडला. माझी एक बाजू फुटली आणि बाराही बाटल्यांचा चुरा झाला. लोकांनी आम्हा दोघांना रिक्षात घातले.

कचेरीतून विचारपूस आली नाही, कागद आला. 'निष्काळजीपणाने सरकारी पेटी व बाटल्यांची नासधूस केली,' म्हणून सुकदेवभाऊ सस्पेंड. मित्रांनो, ज्या माणसाने मला नऊ वर्षे मांडीवर वागवले, त्याच्यावर माझ्याच नावाने आरोप ठेवला गेला.

मी त्यांच्या घरीच पडून राहिले. शेजारी येईनासे झाले. कोणी म्हणे, मिलवाल्यांनी हप्ता दिला नाही म्हणून यानेच कांगावा केला. एके दिवशी एक अनोळखी माणूस गल्लीत मंदाबाईंना म्हणाला, "तुमची उज्ज्वला लाल रिबिनी लावते ना?" त्या दिवसापासून मंदाबाई लेकीला शाळेत सोडत आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी बसून राहत. दूधवाला बदलला तरी त्यांना शंका येई.

मग बाबुराव आले. चार मोसंबी आणली होती. प्लास्टरवर हात ठेवून म्हणाले, "सुकदेवराव, कशाला ह्या भानगडीत पडायलाव? लेकरंबाळं हायेत. त्या दुसऱ्या बाटल्या तेवढ्या देऊन टाका. कुठं ठेवल्यात?"

सुकदेवभाऊ सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मंदाबाई चहाचा कप हातात घेऊन थांबल्या. "दुसऱ्या बाटल्या आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते फक्त पत्रात होते. आणि पत्र होते साहेबांपाशी.

बाबुरावांनी प्लास्टरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "माझी नोकरी अजून कच्ची हाय. साहेब म्हणले तसं केलं." सुकदेवभाऊ भिंतीकडे तोंड करून झोपले. बाबुराव चहा न घेता गेले.

सुकदेवभाऊंच्या पत्रावर चौकशी उभी राहायला चौदा महिने लागले. बाहेरच्या अधिकारी बाई आल्या. सुकदेवभाऊंनी मला आणि जपलेल्या बाटल्यांना समोर ठेवले. पण शिक्के शाबूत असताना पेटी स्टोअरमध्ये गेली, हे सांगायला कोणी पुढे येईना. मग योगेंद्र उठला. "पेटी मी उतरवून घ्यायचो. शिक्के शाबूत असायचे. दुपारी साहेब स्वतः स्टोअरमध्ये जायचे, मी पाहिलंय." बाबुराव मान खाली घालून म्हणाले, "खरं हाय."

बाहेर आल्यावर सुकदेवभाऊ कुबडीवर उभे राहून योगेंद्रला म्हणाले, "मी तुझ्यावर संशय घेतला." योगेंद्र म्हणाला, "माहीत होतं, भाऊ."

हातपंप बंद झाला, गावाला दुसरीकडून नळ आला. साहेबांची फक्त बदली झाली, हुद्दा तोच राहिला. योगेंद्रचीही बदली झाली, पार कच्छमध्ये. सुकदेवभाऊंना दोन वर्षांनी कामावर घेतले, पण ते कायमचे लंगडे झाले. टेम्पो कोणाचा होता, ते आजही कोणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी फुटकी बाजू कोणी सांधली नाही. त्याचे मला दुःख नाही, लाकडाला काय, भुसा व्हायचेच असते. पण तुमच्या गल्लीत खरे बोलून घरी बसलेला कोणी माणूस असेल, तर त्याच्या दारावरून घाईने निघून जाऊ नका. त्याच्याकडे जा. दार वाजवा, आणि वाजवताना बाहेरूनच आपले नाव सांगा, म्हणजे आतली माणसे घाबरणार नाहीत.